उभं राहिलं की दुखणारं डोकं

माय,

तुझं डोकं खरंच दुखत होतं. हे कळायला माझं डोकं दुखावं लागलं. नेकनूरला माझी पिठाची गिरणी आहे आता, तू गेल्यावर टाकलेली. चैतात ज्वारीचा भरला डबा उचलून वर ओतताना मानेखाली कायतरी चमकलं. मी म्हणलं, लचक असेल. दुसऱ्या दिवसापासून उभी राहिले की डोकं मागून आवळायचं, कानात घोंघों, मळमळ. आडवी पडले की धा मिनिटांत सगळं गप. पित्ताच्या गोळ्या झाल्या, चष्मा झाला, काही फरक नाही. गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी आणि मी पोत्यांवर पसरलेली. एकजण म्हणाली, "काम दिसलं की बरं दुखतं वो तुमचं डोकं." मी तिचा डबा तिच्या हातात दिला न् म्हणलं, जा दुसरीकडं. पण ते बोलणं तिचं नव्हतंच, माय. माझं होतं.

तुला आठवत असेल. विहिरीवरून भरला हंडा डोक्यावर घेताना तू मटकन बसलीस, तिथून सुरू झालं. मी चौथीतून शाळा सोडून चार वर्षं झाली होती, सगळं घर माझ्या अंगावर आलं. तू भिंतीकडं तोंड करून आडवी, सूप जमिनीवर टेकवून, पडल्या पडल्या तूर निवडतीयस. मी भाकरी थापतीय, धुरानं डोळे चुरचुरतायत, आणि तू उठून दोन पावलं टाकतीस, डोकं धरतीस, परत पडतीस. आत्या दारातूनच म्हणायची, "दिवसाढवळ्या लोळती, घरात अवदसा येईल." मी आत्याच्याही वरचढ निघाले. पाव्हण्यांसमोर तुझा दंड धरून उठवलं न् म्हणलं, "पडलं की बरं, उठलं की दुखतं. आसलं कुठं डोकं आसतं का? नाटकं हायती सगळी." तू म्हणलीस, "खरंच गं बाई. मला तरी कुठं कळतंय कावून आसं होतंय." एवढंच. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

शेवटी सुनेनं मला संभाजीनगरला नेलं. डॉक्टरीण पोरगेलीच होती. मला वाटलं, ही काय बघणार. तिनं मला अर्धा तास झोपवलं, मग उभं केलं, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. किती वेळात दुखायला लागतं, पडल्यावर किती वेळात थांबतं, काही उचललं होतं का, एवढंच विचारत होती. मी वैतागून म्हणलं, "बाई, पडलं की बरं, उठलं की दुखतं, किती येळा सांगू?" ती म्हणाली, "मावशी, तीच तर खूण आहे." मेंदूच्या भवती पाणी असतं म्हणे, मेंदू त्यात तरंगतो. ते पाणी मणक्यात कुठंतरी पाझरलं की वरचा दाब कमी होतो, आणि माणूस उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो. मी म्हणलं, "सरळ सांगा ना, गळतंय." ती हसली. "हो, गळतंय." मग मशीनमधून फोटो काढले, त्यातही तेच निघालं. आधी नुसतं आडवं पडायचं, पाणी भरपूर प्यायचं. त्यानं भागलं नाही, तेव्हा माझ्याच हाताचं रक्त काढून पाठीत सोडलं, थिगळ लावल्यासारखं. त्याच सांजेला उभी राहिले, आणि डोकं गप. लई येळ नुसती उभीच होते.

तुझं मी तिला विचारलं. ती म्हणाली, इतक्या वर्षांनी सांगता येत नाही, असेलही, काहींचं आपोआप भरून येतं. तुझं चार-पाच महिन्यांनी थांबलंच होतं. पुढं तू काविळीनं गेलीस, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, तेही विचारून घेतलं. डॉक्टरणीला सांगता येत नसलं तरी मला माहिती आहे.

आता वजन उचलायचं नाही म्हणलंय, डबे सून ओतती. मी पोत्यावर बसून हे लिहितीय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे जिती असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. ते माझ्याच्यानं झालं नसतं. कारण ती डॉक्टरीण आणखी एक बोलली होती. "चहा घेत जा, मावशी, ह्या दुखण्यात चहानं जरा आराम पडतो." तुझा चहा आपण पित्त म्हणून बंद केला होता. एक दिवस तू पडल्या पडल्या म्हणलीस, "घोटभर दे गं, चहा घेतला की उभं राहवतंय." मी म्हणलं, "पत्ती संपली."

संपली नव्हती, माय. डबा मीच कणगीमागं ठेवला होता. आणि त्याच दुपारी चुलीपाशी बसून मी माझ्यापुरता अर्धा कप केला. घर ते केवढंसं. तुला वास आला असणार.