तू व्हरांड्यात बोललीस ते

आई, दहा दिवसांपूर्वी आमच्या वॉर्डात वराळ्याचा एक कामगार आणला. आठ दिवस डोकं ठणकत होतं, अंगात ताप होता आणि सकाळपासून उजवा हात-पाय उचलत नव्हता. बरोबरचे म्हणत होते, लकवा मारलाय. मला आपलं तिकोणा पेठेचं स्वयंपाकघर आठवलं. आबा चुलीपुढं बसलेत, हातातला चहाचा पेला निसटतो आणि ते तुला भलत्याच नावानं हाक मारतात. मला हसू येतं. तू हसत नाहीस.

जीप हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांना फिटचा झटका आला. डॉक्टरांनी व्हरांड्यातच विचारलं, "आधीचा काही आजार?" थोरले काका म्हणाले, "न्हाई, काय न्हाई. ऊन लागलंय." गावातली आठ-दहा माणसं उभी होती. तू म्हणालीस, "त्यास्नी एचआयव्ही हाय, डॉक्टर. मलाबी हाय." काकांनी तुला गप बस म्हटलं. तू बसली नाहीस. ताप कधीपासून, बोलणं कधीपासून अडखळतंय, सगळं नीट सांगितलंस.

त्यामुळं आबांच्या मेंदूचा फोटो त्याच दिवशी निघाला. त्यात डाग दिसले. डॉक्टर म्हणाले, हे एका परजीवी जंतूचं काम; तो पुष्कळांच्या अंगात गप पडून असतो, प्रतिकारशक्ती खचली की मेंदूत डोकं वर काढतो. वेळेत कळला तर गोळ्यांनी आटोक्यात येतो. पंधरा दिवसांत आबा आपल्या हातानं जेवायला लागले, आणि पुढच्या साली भातलावणीला चिखलात उभे राहिले. गावात तुझ्या हातचं पाणी घेईनासे झाले, तरी तू मान खाली घातली नाहीस.

तो कामगार आला त्या दिवशी मी त्याच्या बायकोला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावून विचारलं, नवऱ्याला एचआयव्ही आहे का. चारचौघांत विचारायचं नाही, हे मी नव्या नर्सपोरींनाही शिकवते. ती म्हणाली, "व्हय." त्याच दिवशी तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. आज त्यानं त्या हाताची मूठ वळून दाखवली. मला तुझा फार अभिमान वाटला.

हे पत्र कुठं टपालात टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. तू व्हरांड्यात बोललीस तेव्हा मी तुझा हात सोडला आणि बाकावरच्या एका अनोळखी बाईजवळ जाऊन बसले, तिच्याबरोबर आल्यासारखी. तू ते पाहिलंस का, हे तुला विचारायचं धाडस मला तू जाईपर्यंत झालं नाही.