जांभळ्या काठाची काठी

४ नोव्हेंबर
यांनी काठी आजही कपाटामागे ढकलली. जिन्यात पडले तेव्हापासून डॉक्टर सांगतायत, काठीशिवाय उतरायचं नाही. म्हणून हे उतरतच नाहीत! खाली कट्ट्यावर संभाजीराव बुद्धिबळाचा पट मांडून बसतात आणि एकटेच उठून जातात. "काठी म्हाताऱ्यांना लागते," म्हणे. वय शहात्तर.

५ नोव्हेंबर
विटक्या नारायणपेठीचा जांभळा काठ उसवला, काठीला गच्च गुंडाळून शिवला. झकास दिसतेय.
"आता मुंज करा तिची," इति हे.

६ नोव्हेंबर
मग मीच ती घेऊन भाजीला गेले. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं — थोडा दुखतोच. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

९ नोव्हेंबर
काल प्रियदर्शनीताईंनी अडवलं. सोसायटीचा योगवर्ग त्याच घेतात. त्या नाचणीची आंबील प्यायला लागल्या तेव्हा तिन्ही इमारती आंबील प्यायल्या होत्या. "कुठून आणलीत? मलाही हवी."
म्हणजे काय, त्यांनाही काठी लागते! कंबरेसाठी. आजवर दाराआड लपवायच्या. त्यांच्या काठीला लाल काठ शिवून दिला. आज सकाळी वर्गाला मिरवत आल्या.

१२ नोव्हेंबर
लागण झाली. कुठून कुठून दडवलेल्या काठ्या बाहेर पडतायत. पलीकडच्या सोसायटीतल्या बायका जुन्या साड्या घेऊन दारात उभ्या. संध्याकाळी चक्क संभाजीराव आले, मूळचे इथल्याच गावठाणातले. "वहिनी, मला बी हिरवा काठ लावून द्या. ऑपरेशनपासून लंगडतोय, पन काठी धरायची लाज वाटायची. आता समद्यांकडंच हाय."
हे पेपर वाचत होते. बराच वेळ पान काही उलटलं नाही.

१४ नोव्हेंबर
"घराचं दुकान केलंय," म्हणाले. मग मीही बोलले. अख्ख्या कर्वेनगरच्या हातात काठी दिली, घरातल्या एकाच्या हातात देता येईना. नंतर स्वयंपाकघरात रडले. किती दिवस या माणसाने खिडकीतून कट्टा बघायचा?

१५ नोव्हेंबर
वर्गाला जाताना काठी मुद्दाम दाराशी ठेवून गेले. परत आले, तर काठी नाही. हेही नाहीत. तशीच मागे वळले.
कट्ट्यावर पट मांडलेला. जांभळी आणि हिरवी, दोन्ही काठ्या एकमेकींना टेकून. आणि हे संभाजीरावांना ऐकवत होते, "पहिली आमची. बाकी सगळ्या नकला."