कपाटातली सीलबंद पाकिटं

४ मार्च
बाईसाहेब आज साहेबांशी भांडून घरी आल्या. बाईसाहेब म्हणजे आमची बायको — पोलीस निरीक्षक. घरात हुकूम तिचा, अंमलबजावणी माझी.

भांडण पाकिटांवरून. बलात्काराची तक्रार आली की डॉक्टर त्या बाईच्या अंगावरचे नमुने घेतात, पाकिटात सील करतात. पाकीट जायला हवं प्रयोगशाळेत; जातं ठाण्याच्या कपाटात. का? तपास अधिकाऱ्याची मर्जी! बाई उशिरा आली — राहू दे. आरोपी ओळखीचा — कशाला पाठवायचं? त्याने कबुली दिली — मग तर प्रश्नच मिटला. बाईसाहेबांचं म्हणणं, सगळी पाकिटं गेलीच पाहिजेत. त्या बायकांनी दात-ओठ आवळून तपासणी करू दिली, ती काय कपाट भरायला?

९ मार्च
साहेब तिला म्हणाले म्हणे, लेख लिहिणाऱ्या नवऱ्याची हवा लागली तुम्हाला. साफ चूक. माझी हवा लागली असती, तर एक टोमणा मारून ती सुखाने झोपली असती.

१७ मार्च
हुकूम निघाला! सगळी पाकिटं जाणार, जुनीसुद्धा. पोलिसीण सून म्हणजे घरात चौकी, असं लग्नात म्हणणारी आमची आई आज जिन्यात शेजारणीला थांबवून सांगत होती, आमच्या सुनेने अख्ख्या खात्याला कामाला लावलं. मी गंभीर चेहरा करून पेपर वाचत होतो. उलटा धरला होता, हे नंतर कळलं.

१८ मार्च
साहेबांनी खोचकपणे विचारलं, तुमच्या गाजलेल्या केसचंही पाठवायचं का? शिवणकाम करणाऱ्या मुलीची केस. बाईसाहेबांनी माणूस पकडला, त्याने कबुली दिली, शिक्षा झाली. हिला बढती मिळाली. पाकीट तसंच राहिलं.
"पहिलं तेच पाठवा," म्हणाली. निकाल काय येणार, याची तिला खात्री आहे. मलाही.

२ मे
कपाट रिकामं. जेवताना बाईसाहेब चक्क गुणगुणल्या. सूर भयंकर. ऐकत राहिलो.

११ जून
त्या शिवणकामवाल्या मुलीच्या पाकिटाचा अहवाल आला. नमुना त्या माणसाचा नाही. तो आत आहे, खरा बाहेर.
साहेब हळूच म्हणाले, अजून कोणी पाहिलेला नाही. तिने तिथल्या तिथे सही करून कोर्टाकडे धाडला. मग घरी येऊन हे मला सांगितलं आणि त्या मुलीला सांगायला निघाली. मी चपला घातल्या.
"तू येऊ नकोस," म्हणाली. "तू असलास की मी रडेन. आज तिच्यासमोर ते बरं दिसणार नाही."