शहागंजातल्या मिठाचा समुद्र

गुरुजी, परवा पोरीचा फोन आला आणि तुमची आठवण निघाली. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की चेहरा आता जुळवावा लागतो. आवाज मात्र आहे तसा आहे. छावणीतल्या शाळेचा पत्र्याचा वर्ग, आणि तुम्ही समुद्राची कविता शिकवताय. अर्धा वर्ग ओळ म्हणत पुढं येतो, उरलेला तीच ओळ हळू म्हणत मागं सरतो, मधे तुम्ही डोळे मिटून उभे. आमच्यातल्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. मग एक दिवस तुम्ही सरबताच्या बाटलीत पाणी घेऊन आलात. मुंबईहून आणलंय म्हणालात. प्रत्येकाच्या तळहातावर एक थेंब. "लगेच गिळू नका. जिभेवर राहू द्या, लई लांबून आलाय."

तुम्ही गेल्यावर मी घरी भेटायला आलो, तेव्हा काकू रडता रडता हसल्या. "ह्यांनी कुठला बघितला समुद्र? शहागंजातून खडेमीठ आणलं अन् चुलीपाशी बसून पाण्यात विरघळवत होते. चव घ्यायचे अन् मलाच विचारायचे, असाच लागत असंल का गं?"

हे मी पोरीला कधी सांगितलं नाही. लहानपणी झोपताना तिला गोष्ट हवी असायची, आणि मला तो थेंब सोडून दुसरं काही सांगता यायचं नाही. ती समुद्राचंच शिकली. आता एका बेटांच्या देशात आहे, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढा. आपल्या सरकारनं थोड्या मुदतीसाठी पाठवलेली. त्या देशाकडं खोल समुद्रात जाणारं जहाज नाही, म्हणून दुसऱ्या देशांची जहाजं येतात, नाना भाषांची माणसं एका डेकवर उभी राहून खालचं पाणी वर काढतात. ठरलेलं असं की प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची पहिली बाटली त्या देशातच ठेवायची, कारण समुद्र त्यांचा. पण ठेवून करायचं काय? तपासणारं कुणी नव्हतं, तेव्हा त्याही बाटल्या जहाजाबरोबर निघून जायच्या, आणि पाण्यात काय सापडलं ते त्या देशाला कुणी कळवायचंही नाही. आता ही तिथल्या पोरींना तपासायला शिकवतेय. त्या लोकांनी तिला कायमचं राहायला विचारलंय.

तिची आई गेल्या वर्षी गेली. घरात मी एकटा, हे तिला ठाऊक आहे. फोनवर तिनं समुद्र दाखवला, निळा, मोठा, खरा. मी विचारलं, तिथं तूरडाळ मिळते का.

"बाबा, अख्खा समुद्र दाखवतेय अन् तुम्ही डाळीवर," ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही ये म्हणालात तर मी येते. खरं सांगा."

तू आलीस तर त्या बाटल्यांचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, पोरी अजून तयार नाहीत; राहतील काही दिवस, मग जातील पहिल्यासारख्याच.

"मग राहा तिथंच," मी म्हणालो. हजेरीला 'हजर' म्हणावं तसं. ती रडली. मला काही झालं नाही. फोन ठेवला, वरणाला फोडणी दिली, खालून वाळूजच्या कारखान्याची पाळीची बस रोजच्यासारखी गेली. तुमच्या त्या एका थेंबावर पोरगी इतक्या लांब गेली, हे मनात आलं, पण तेही दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

हे पत्र टाकणार कुठं? कवितेच्या जुन्या पुस्तकात ठेवून देतो. फक्त एक सांगायचं राहिलं. आज खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या, आणि गॅसवरच्या वरणाची चव घेऊन माझ्याकडं बघत राहिल्या. "भाऊजी, मीठच नाय की ह्यात. काल दिलेल्यातही नव्हतं. म्हटलं, डॉक्टरनं बंद केलं असंल."

डॉक्टरनं काही बंद केलेलं नाही, गुरुजी. मी दोन्ही दिवस पोटभर जेवलो. मला कळलंच नव्हतं.