हात जोडले की सुट्टी

३ मार्च १९५९, मंगळ.
येड्यायच्या या दवाखान्यात आज नवा पेशंट आला. पाह्यतो तं आपल्या घाटंजीकडचा, आपल्याच वस्तीतला नामदेवभाऊ. दोन पोलिसायच्या मधात. मले पाहून म्हणते, "किसन, तू अथी? बरं झालं. सांग यायले, मी येडा नाही." डॉ. साहेब बाजूलेच उभे. मी हातातली वॉर्डाची चावी पाहात राह्यलो.

४ मार्च
कारकुनानं भाऊचा कागद वाचून दाखवला. 'घरचे देव नदीत टाकले. नेमलेले काम नाकारतो.' काम कोणतं, ते नाही लिहिलं. पाटलाचा बैल मेला, भाऊ ओढाले गेला नाही. बौद्ध झालो तवापासून वस्तीतलं कोणीच ढोर ओढत नाही. अन् देव तं साऱ्यायनंच टाकले. आमच्या घरचे मी टाकले. मंग सारी वस्तीच आणा ना अथी.
पण अथी माह्यं कोणाले माहीत नाही. नोकरी...

८ मार्च, रवि.
साहेबाचा नियम. संध्याकाळच्या आरतीले जो हात जोडते तो सुधारला, त्याले सुट्टी. भाऊ हात मागं घेऊन उभा. मी हळूच म्हटलं, "भाऊ, जोडा ना दोन मिनिटं. घरी जाऊन सोडा."
"सोडलेच हायेत ना बे. पुन्हा धरू कायले?"
कोपऱ्यातला म्हातारा रोज हात जोडते अन् रोज भिंतीवर मुतते. तो सुधारला.

११ मार्च
भाऊले वीज दिली. पाय मी धरले. साहेब म्हणाले, "घट्ट धर." धरले.
दुपारी पाणी पाजाले गेलो. भाऊनं मले नाव विचारलं. माह्यं नाव.
जेवलो नाही.

१२ मार्च
साहेबाले सांगाले गेलो का तिकडं सारेच...
"तू कितवी शिकलास?"
"चौथी."
"मग झाडू मार."
चौथी तं चौथी. मेलेलं ढोर न ओढणं हा रोग नाही, एवढं समजते चौथीत. नातलग आल्याबिगर सुट्टीची गोष्टच निघत नाही. भागीरथीवैनीले कार्ड टाकलं, मंगळवारी या म्हणून.

१७ मार्च, मंगळ.
वैनी आली. फडक्यात भाकरी बांधून. साहेबानं आफिसात विचारलं, "तुझ्या नवऱ्यानं देव नदीत टाकले, खरं का?"
"त्यायनं एकट्यानं नाही. टोपलं माह्या डोक्यावर होतं."
साहेबानं कारकुनाकडं पाह्यलं. त्यानं कोरा कागद ओढला. "बाईचं नाव?"
मी दारात. तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, आमच्या घरचे मी टाकले."
कारकून माह्याकडं पाहात राह्यला. दोन वर्षं रोज माह्यी हजेरी लावते तो, तरी विचारते,
"तुझं नाव काय?"
सांगितलं. गावासकट.
साहेब म्हणाले, तिघांचंही उद्या पाहू. वैनी बाहेर बाकावर बसून हाय, भाकरी अजून सोडली नाही. वॉर्डाची चावी मात्र माह्यापासून आजच घेतली.