वरचा जबडा आणि सोसायटीचा शंख

२४ ऑगस्ट २०१३
झालं एकदाचं! वरच्या दाढा जाऊन इतकी वर्षं झाली की तिथलं हाडच झिजून गेलं म्हणे. इम्प्लांट बसवायचे कशात? म्हणून विनिता डॉक्टरांनी आज आधी हाडाची भर घातली. पनवेलात भराव टाकून बिल्डिंगा उभ्या राहताना पाहिल्यात, आता माझ्या तोंडातही तेच काम!

नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉ नाही, फुंकर नाही. मी हळूच विचारलं — शंख? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, अजिबात नाही! टाके तुटतील, सगळी भर सायनसमध्ये जाईल. मग पहिल्यापासून."

गणपती तोंडावर आलेत. सोसायटीच्या आरतीला शंख मीच वाजवतो. मीच!

२६ ऑगस्ट
शिंक तोंड उघडून द्यायची असते. दिली. बायको, कुमुद, समोर बसली होती. आता बाजूला बसते.

३० ऑगस्ट
पुन्हा खिमट. खालच्या मजल्यावरचा कमळाकर तब्येत विचारायला आला. मूळ उरणचा, बंदरातून रिटायर झालेला. "शंखाची काळजी करू नका, आमी हाय ना! दर्याचीच वस्तू, आमाला नाय म्हणते काय?"

तो गेल्यावर कुमुद म्हणाली, "मी वाजवू का?"

"आपल्याकडे बायका शंख वाजवत नाहीत," मी म्हटलं. ती दूध बघायला आत गेली.

९ सप्टेंबर
बाप्पा बसले. कमळाकरने शंख धरला, गाल फुगवले, डोळे वटारले — आणि नुसती हवा! पोरं खिदळली. मला वाईट वाटायला हवं होतं. छे, फार बरं वाटलं.

१२ सप्टेंबर
सगळे विचारतात, "काका, तुमचा शंख कधी?" ऐकलं की हात शिवशिवतात. एकच फुंक मारली तर काय होईल?

१३ सप्टेंबर
विसर्जन. कमळाकरने हात टेकले, शंख माझ्याच हातात दिला. "एकदाच वाजवा, बाप्पा निघालं!" मी ओठांना लावलासुद्धा.

कुमुदने खसकन ओढून घेतला. "परत खिमट खायचंय?" आणि स्वतःच वाजवला! एका दमात, इतका लांब की पार पळस्प्यापर्यंत गेला असेल. त्या दिवशी तिला काय बोललो ते आठवलं आणि लाज वाटली.

पण पहिल्याच फटक्यात इतकं कसं जमलं?

१४ सप्टेंबर
जिन्यात कमळाकर भेटला. "पयल्यांदा? वयनी कवापासून वाजवतात! तुमी बँकेत नोकरीला जायचात तवा, दुपारी. आता तुमी बाजारात गेलात की. आख्ख्या बिल्डिंगला ठाव हाय."

मी म्हटलं, मग आरतीला इतकी वर्षं मला का सांगत होतात?

"तुमाला हौस हाय म्हणून!"