शनिवारचा रिकामा कप्पा

बाबा,

तुमच्या गोळ्यांची डबी भरायचं काम माझं. शनिवारच्या कप्प्यात मी गोळी ठेवली नाही. विसरले नव्हते, मुद्दाम. तोंडावर कबूल करायची लाज वाटते म्हणून लिहितेय, आणि हे पत्रही तुम्हाला द्यायचा धीर होणार नाही.

रविवारी मैत्रिणी येणार होत्या. त्यांना मला जुने बाबा दाखवायचे होते, सलूनमध्ये गिऱ्हाइकांच्या हुबेहूब नकला करणारे, हसवून हसवून पोट दुखवणारे. आताचे बाबा वेळेवर दुकान उघडतात, गप्प जेवतात, लवकर झोपतात. औषधांनी माणूस विझतो, असं आईला ठणकावून सांगितलंही होतं मी. त्याच जुन्या बाबांनी एकदा गिऱ्हाइकाची दाढी अर्धवट टाकून, उघडा वस्तरा घेऊन भर रस्त्यात धाव घेतली होती. तेवढं मी सोयीस्कर विसरले.

शनिवारी तुम्ही कप्पा उघडलात, क्षणभर थांबलात. मग कपाटातलं पाकीट काढून गोळी घेतलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "मलाही त्याची फार आठवण येते गं. पण त्याच्या हातात वस्तरा द्यायची माझी छाती होत नाही."

मला वाटलं, आता डबी काढून घ्याल. तुम्ही ती माझ्याकडेच सरकवलीत. "पुढच्या आठवड्याची भरून ठेव," म्हणालात.

ओरडला असतात तर बरं झालं असतं, बाबा.

तुमची,
टकळी